सव्वा पीळ

त्याच्या घरातल्या बाटल्यांची झाकणं तो घरी नसताना उघडत नसत. बायको झाकण फडक्यात धरून पाहायची, दाराच्या फटीत अडकवून पाहायची, बाटली गरम पाण्यात उलटी बुडवून पाहायची आणि शेवटी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे न्यायची. शिंपी दोन्ही हातांनी झगडत म्हणायचा, "वहिनी, हे झाकण लावलंय की त्याला जन्मठेप दिलीय?" नळांचीही तीच गत. पाण्याशी कायमचं वाकडं असल्यासारखा तो नळ बंद करायचा, त्यामुळे आतले वायसर पिचून जायचे आणि एवढे घट्ट बंद केलेले नळच टपटप गळत राहायचे. आवळल्यामुळे नळ गळतो हे त्याला कधी पटलं नाही. गळताना दिसला की तो उठून आणखी आवळायचा.

त्याला सगळे सव्वा म्हणत. हे नाव ट्रकच्या यार्डात पडलं. ऐन तारुण्यात तो तिथे चाकं बसवायला लागला आणि केस पांढरे होईपर्यंत चाकंच बसवत राहिला. यार्ड म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, पुढे तेलानं काळं झालेलं मैदान आणि त्या मैदानात दिवसभर गुडघे टेकल्यासारखे, चाकं काढलेले ट्रक. तिथे घट्ट हा एकच शब्द देवाघरचा होता. पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवायचा, पाइपावर आपला सगळा भार टाकायचा आणि नट कण्हल्याशिवाय खाली उतरायचं नाही.

ड्रायव्हर तेवढ्यावर समाधान मानत नसत. चाक पुरतं आवळून झालं, हवा तपासून झाली, की केबिनमध्ये चढायच्या आधी ड्रायव्हर खाली वाकून त्याला म्हणायचा, "आता सव्वा दे." मग तो शेवटच्या नटाला आणखी पाव पीळ द्यायचा. त्या पाव पिळाचा चाकाशी फारसा संबंध नव्हता. नट आधीच जिथे बसायचा तिथे बसलेला असे. पण ड्रायव्हर तो पीळ डोळ्यांनी पाहायचा, चाकाला एक लाथ घालायचा आणि निर्धास्त वर चढायचा. काही ड्रायव्हर तर तो सुट्टीवर असला की ट्रक बाहेर काढायला टाळाटाळ करत. दुसऱ्या कुणी दिलेला सव्वा त्यांना मानवत नसे.

यार्डात एक गोष्ट नेहमी सांगत. उतारावर एका ड्रायव्हरला आपल्या शेजारून एक चाक पुढे जाताना दिसलं. एकटंच, कसलीही घाई नसलेलं. तो क्लीनरला म्हणाला, बघ, कुणाचं तरी चाक सुटलंय. आणि मग त्याचाच ट्रक एका बाजूला कलायला लागला. सांगणारे इथे हसत. सव्वाही हसायचा, पण हसून झालं की उठून उगाच कुठल्यातरी चाकापाशी जायचा.

यार्डाच्या मालकानं जागा विकली तेव्हा एका आठवड्यात शेड उतरवली गेली. पत्रे गेले, खांब गेले, तेलाची जमीन तेवढी उघडी पडून राहिली. सव्वा घरी आला आणि घर आवळायला लागला. आधी दारांच्या बिजागऱ्या, मग पलंग, मग टेबल, कढईचा कान, पंख्याचा दांडा, चष्म्याच्या काड्या. बायकोचा चष्मा त्यानंतर मिटेना. उघड्या चष्म्यासाठी तिनं मोठा डबा केला.

"अहो," ती एकदा म्हणाली, "पूर्वी खुर्चीत बसलं की जरा करकरायची. सोबत वाटायची. आता बसायचीसुद्धा भीती वाटते."

"पडणार नाही ती आता जन्मात."

"ती नाही पडणार. माणसाचं काय?"

तिनं धाकट्या बहिणीला फोन केला, यांना तुझ्याकडे कामाला घे म्हणून.

धाकटी ताईच्या लग्नात एवढीशी होती. ताईला घेऊन जातोय म्हणून या माणसावर रुसून ती कपड्यांच्या कपाटात जाऊन बसली होती, आणि त्यानंच तिला बाहेर काढलं होतं, कपाटाचा कडी-कोयंडा दुरुस्त करतो असं सांगून. पुढे तिला सायकल आली. सायकलची सीट त्यानं बसवली. ती वाढली, उंच झाली, पण ती सीट वर करणं कुणालाच जमलं नाही. गुडघे हनुवटीला लावून ती कॉलेजला गेली. यंत्रांच्या नादाला मी या सीटमुळे लागले, असं ती चारचौघांत सांगायची, आणि सव्वा ते ऐकून मान खाली घालून हसायचा.

आता तिचं स्वतःचं गॅरेज होतं. दोन लिफ्ट, मागे एक काचेचं दार आणि दाराआड गिअरबॉक्सची खोली. ती फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायची, म्हणजे ज्या गाड्यांत गिअर हातानं टाकावा लागत नाही, गाडी तो आपला आपण बदलते, त्यांचे. दूरदूरच्या गॅरेजवाल्यांनी हात टेकलेल्या गाड्या तिच्याकडे येत. तिच्याकडे एकच मेकॅनिक होता. तो इतका उंच होता की लिफ्टवरच्या गाडीखाली त्याला वाकून उभं राहावं लागे. त्याला सगळे लंबू म्हणत. तो धाकटीला मालक म्हणायचा आणि सव्वाला पहिल्याच दिवशी त्यानं काका करून टाकलं.

काचेच्या खोलीत धूळ चालत नसे. सुती फडकंही चालत नसे, कारण त्याचा एक धागा तेलात गेला तरी आतली वाट अडते. टेबलावर पांढऱ्या दिव्याखाली धाकटीनं त्याला व्हॉल्व बॉडी दाखवली. ॲल्युमिनियमची, जाडजूड पुस्तकाएवढी वस्तू. तिचे दोन भाग उघडले की आत वाळवीनं खाल्लेल्या लाकडासारख्या नागमोडी वाटा. त्या वाटांतून तेल धावतं, आणि वाटांच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढे व्हॉल्व मागे-पुढे सरकत ठरवतात की तेलानं कुठे जायचं आणि गाडीनं कुठला गिअर धरायचा.

"गाडीचं मन इथे असतं, भाऊजी."

तो बराच वेळ पाहत राहिला. "मन एवढं वाकडंतिकडं?"

"तुमचं बघितलंय का कधी उघडून?"

"माझं तुझ्या ताईकडे असतं. ती उघडत नाही."

तिनं त्याला आवळायला शिकवलं. सगळे बोल्ट आधी बोटांनी लावायचे, पाना हातात घ्यायचाच नाही. सगळे खाली टेकले की मधल्यापासून सुरुवात करायची आणि समोरासमोर, तिरकं जात कडेला पोचायचं, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पसरतो. पहिल्या फेरीत अर्धं, दुसरीत पुरतं. पाना साधा नाही, टॉर्क पाना. त्याच्या मुठीवर आकडा लावायचा, आणि तेवढा जोर झाला की पाना आतून टक करतो. टक म्हणजे बास.

"टकच्या पुढे काहीही नाही," ती म्हणाली. "टकच्या पुढे तुमचा रस्ताच नाही."

त्याला हे सगळं आवडलं. यार्डात कधी नव्हता असा एक क्रम त्याच्या हाताला मिळाला. तो बोल्ट एकेक उचलून दिव्याखाली धरायचा, आटे पाहायचा, बोटांनी हळू फिरवत खाली नेऊन टेकवायचा. लंबू म्हणायचा, "काका बोल्टची आधी घरची चौकशी करतात, मग लावतात." मधला, मग समोरचा, मग तिरका. त्याच्या हातानं एकही बोल्ट चुकला नाही, एकही फेरी राहिली नाही. धाकटीनं काही दिवस शेजारी उभं राहून पाहिलं आणि मग ते टेबल त्याच्या हवाली केलं. त्या दिवशी तो घरी गेला तो शीळ घालत.

दुसऱ्या फेरीचं टक झालं की त्याचं मनगट थोडं पुढे जायचं. थोडंसंच. पाना आधीच बोलून चुकलेला असे, त्याचा जोर सैल झालेला असे, आणि त्या सैलपणातून हात अगदी सहज पाव पीळ पुढे सरकायचा. तो हे कुणापासून लपवत नव्हता. लपवायला ते त्याला दिसायला तरी हवं होतं. त्याच्या लेखी टकपर्यंतचं काम हे धाकटीनं शिकवलेलं काम होतं आणि ते तो चोख करत होता. त्यापुढचं काम नव्हतंच. या गाडीत कुणीतरी बसणार आहे, त्याची पोरं मागे झोपणार आहेत, एवढंच ते होतं.

पहिली गाडी परत आली ती एका नर्सबाईंची. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या जखमा धुणाऱ्या, औषधं देणाऱ्या. गाडीच्या मागच्या सीटवर कापसाची आणि पट्ट्यांची खोकी.

"सकाळी शहाण्यासारखी वागते," नर्सबाई म्हणाल्या. "दोन-तीन घरं होईपर्यंत तक्रार नाही. तापली आणि चढ लागला की दुसऱ्या गिअरमध्ये हटून बसते. रेकत राहते. पेशंट मला आवाजावरून ओळखायला लागलेत."

धाकटीनं तेल बदललं, तारा तपासल्या, गाडी दिली. काही दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी नर्सबाई बसल्या नाहीत. चढावर मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला होता आणि त्या एका आजोबांकडे इंजेक्शनला उशिरा पोचल्या होत्या. "तुमच्याबद्दल चांगलं ऐकलं होतं म्हणून आले," त्या म्हणाल्या. "आता शेवटचं. पुन्हा झालं तर मी दुसरीकडे नेईन, आणि लोकांनी विचारलं तर का नेली ते सांगेन."

धाकटीनं गिअरबॉक्स स्वतः उतरवला. सव्वा तेव्हा बाहेर लंबूबरोबर दुसऱ्या गाडीखाली होता. तिनं साधा पाना पहिल्या बोल्टला लावला, ढिला करायला जोर दिला, आणि बोल्ट हललाच नाही. मग कच्चकन सुटला. ती थांबली. दुसरा बोल्टही तसाच, आणि तिसराही. बोल्टचं ते न हलणं तिच्या ओळखीचं होतं. लहानपणी सायकलच्या सीटखालच्या नटाशी ती कितीदा झगडली होती.

ॲल्युमिनियम मऊ असतं. बोल्ट गरजेहून जास्त ओढले तर ती व्हॉल्व बॉडी केसभर वाकते, डोळ्यांना दिसणार नाही इतकी, आणि आतला व्हॉल्व आपल्याच बिळात अंग चोरून बसतो. थंड असताना तेलाच्या जोरानं कसाबसा सरकतो. तापला की अडतो.

आता हे त्याला सांगायचं होतं. धाकटीनं लोकांच्या तोंडावर लोकांच्या चुका कित्येकदा मोजल्या होत्या. लंबूला तर ती सगळ्यांदेखत भादरायची आणि तो उलट उत्तर द्यायचा आणि दोघं चहाला एकत्र बसायची. पण हा थोरल्या बहिणीचा नवरा. मेव्हणीनं भाऊजींची हवी तेवढी टर उडवावी, त्यांचे कान ओढावेत, त्यांना भर पंगतीत रडकुंडीला आणावं, सगळं चालतं. तक्रार करायला मात्र त्या नात्यात कुठे जागाच ठेवलेली नाही. तिनं तिला येत होतं त्या भाषेत सांगून पाहिलं.

"भाऊजी, तुमच्या हातात हल्ली रेड्याचं बळ आलंय."

"तुझ्या ताईचं जेवण."

"बोल्ट माझ्याकडे तक्रार घेऊन आलेत. म्हणतात, श्वास घ्यायला जागा ठेवा."

"बोल्टना म्हणावं, यार्डात जन्मला असता तर कळलं असतं," असं म्हणून तो एवढा मनापासून हसला की तीही हसली, आणि त्या हसण्यात सांगायचं ते वाहून गेलं.

शेवटी तिनं भ्याड मार्ग काढला. म्हणाली, लंबूची पाठ धरलीय, वाकवत नाही, तर थोडे दिवस भाग धुण्याचं तुम्ही बघाल का? धुण्याची टाकी शेडच्या टोकाला होती. तिथे रॉकेलमध्ये जुने भाग बुडवून ब्रशनं घासायचे. सव्वानं मान हलवली. काचेच्या खोलीतून आपला चष्मा घेतला, रुमाल घेतला आणि टाकीकडे गेला. थोड्या वेळानं त्यानं मागे वळून पाहिलं तर लंबू गिअरबॉक्स छातीशी धरून उचलत होता, पाठ ताठ, तोंडात गाणं.

त्यानं टाकीत ब्रश बुडवला.  घरी ताटाकडे पाहत जेवला. दोन दिवसांनी बायकोनं फळीवरून तेलाची बाटली उचलली, तर झाकण तिच्या हातात आलं आणि बाटली खाली गेली. झाकण नुसतंच वर ठेवलेलं होतं. तेल ओट्यावरून ओघळून फरशीवर पसरलं, फरशीवरून दारापर्यंत गेलं. लग्न झाल्यापासून ज्या गोष्टीसाठी ती या माणसाच्या नावानं बोटं मोडत आली होती ती गोष्ट आज झाली नव्हती, आणि ती त्या तेलाकडे पाहत उभी राहिली. मग फडकं न घेता तिनं फोन घेतला.

"काय केलंस तू त्यांना?"

"मी काय केलं?" धाकटी म्हणाली.

"झाकण लावलं नाही त्यांनी आज."

धाकटीनं सगळं सांगितलं. नर्सबाई, बोल्ट, रेड्याचं बळ, लंबूची पाठ.

"अगं मग सरळ सांगायचं ना."

"ताई, मी त्यांच्याशी थट्टा सोडून कधी बोललेच नाही. मला येतच नाही. सरळ बोलायला गेले तर वाटतं, मी त्यांना हाकलतेय."

"आणि आता काय करतेयस?"

ताईनं पाय तेलातून बाजूला घेतला. मग ताई म्हणाली, "मी तर कधीपासून सांगतेय त्यांना. त्यांना सांगून कळत नाही, गं. हाताला कळलं तर कळतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीनं लंबूला सुट्या भागांच्या दुकानात पाठवलं आणि टाकीपाशी येऊन म्हणाली, "भाऊजी, जरा आत या."

टेबलावर नर्सबाईंच्या गाडीची व्हॉल्व बॉडी होती. बोल्ट सगळे काढून ओळीनं ठेवलेले. ती म्हणाली, लावा. त्यानं तिच्याकडे पाहिलं, हात पुसले, पुन्हा पुसले. बोल्ट बोटांनी लावले. मधला, समोरचा, तिरका. पहिली फेरी. दुसऱ्या फेरीला ती त्याच्या अगदी शेजारी येऊन उभी राहिली आणि प्रत्येक टक होताच तिनं त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. हलकीच. मनगट तिथेच थांबलं. त्याला ते विचित्र वाटलं, पण तो पुढच्या बोल्टकडे वळला.

सगळे बोल्ट झाले. तिनं एक व्हॉल्व त्याच्या बिळात सोडला, ती वस्तू दोन्ही हातांनी उचलली आणि तिरकी केली. व्हॉल्व आपल्याच वजनानं सुळकन या टोकाला गेला. उलटी तिरकी केली. सुळकन त्या टोकाला. तिनं ती त्याच्या हातात दिली. त्यानंही करून पाहिलं. लहान मुलाच्या खेळण्यात गोटी घरंगळावी तसा तो आवाज होता.

"छान जातो," तो म्हणाला.

"आता सव्वा द्या."

त्यानं मान वर केली. यार्ड मोडल्यापासून हे शब्द त्याला कुणी म्हटले नव्हते. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, म्हणून तो जरा घुटमळला. पण हातात पाना होता आणि शेजारी कुणीतरी उभं राहून मागत होतं. त्याचा चेहरा उजळला. त्यानं मधल्या बोल्टला दिला, समोरच्याला दिला, तिरक्याला दिला. कंजुषी केली नाही. सगळ्यांना दिल्यावर त्यानं पाना खाली ठेवला आणि ड्रायव्हरकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं.

"आता तिरकी करा."

त्यानं केली. व्हॉल्व निघाला, अर्ध्या वाटेपर्यंत आला आणि थांबला.

त्यानं आणखी तिरकी केली. जवळजवळ उभी केली. कानाशी धरून हलवली. मग टेबलावर ठेवली आणि बोटानं व्हॉल्वला ढकललं. तो एक दोऱ्याएवढा सरकला आणि पुन्हा बसला.  त्यानं साधा पाना घेतला, सगळे बोल्ट ढिले केले, कच्च, कच्च, कच्च, आणि पुन्हा तिरकी केली. व्हॉल्व सुळकन गेला.

बाहेर कुणाच्यातरी गाडीचं इंजिन सुरू झालं आणि बंद पडलं.

"नर्सबाईंची गाडी," तो म्हणाला.

"हो."

"चढावर."

"हो."

तो स्टुलावर बसला. हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला, जणू कुणी परक्यानं आपलं सामान सांभाळायला दिलं होतं आणि तो परत आलाच नव्हता. धाकटीला वाटलं आता काहीतरी थट्टेचं बोलावं, नाहीतर हा माणूस इथेच बसून राहील.  पण ती नुसती त्याच्या शेजारी टेबलाला टेकून उभी राहिली.

"मागत नव्हतं कुणी इथे," तो म्हणाला. "मीच देत होतो."

"तुम्ही चांगल्यासाठी देत होता, भाऊजी."

"म्हणून तर."

मग तो उठला. टाकीकडे जाईल असं तिला वाटलं, पण त्यानं सगळे बोल्ट काढून पुन्हा ओळीनं मांडले. मुठीवरचा आकडा पाहिला. "हा गिअरबॉक्स मीच बंद करतो," तो म्हणाला. "पुन्हा अडला तर तुला काही सांगावं लागणार नाही. उद्यापासून मी येणार नाही."

"असं काय बोलता?"

"आणि तू बाहेर जा."

"मी थांबते ना. मनगटावर बोट ठेवते."

"नको. कुणी शेजारी उभं राहिलं की मला द्यावासा वाटतो." हे बोलताना तो लाजला. "कुणी नसलं तर बघू."

ती बाहेर गेली आणि काचेच्या दाराकडे पाठ करून उभी राहिली. लंबू परत आला, त्यानं आत डोकवायला मान लांब केली, तिनं त्याला दंडाला धरून फिरवलं. आतून टक ऐकू आलं. मग काहीच नाही. मग बऱ्याच वेळानं दुसरं टक.

"काका मधेच डुलकी काढतात काय?" लंबू म्हणाला.

"गप्प बस."

आत तो टक झालं की हात उघडायचा. पाचही बोटं सुटी. पाना बोल्टवर तसाच लोंबायचा आणि हात हवेत उभा राहायचा. मनगटाला पुढे जायचं असायचं. ते जात नाही याची खात्री होईपर्यंत तो थांबायचा आणि मगच पाना उचलून पुढच्या बोल्टकडे वळायचा. प्रत्येक बोल्ट त्याला अर्धवट वाटत होता. दरवाजा उघडा टाकून, दिवे तसेच ठेवून घरातून निघाल्यासारखं. शेवटच्या बोल्टला त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि आयुष्यात इतकं कमी आवळून तो इतका कधी दमला नव्हता.

गाडी जोडली, तेल भरलं. दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या तेव्हा तो म्हणाला, मी बरोबर येतो. त्या म्हणाल्या, या, पण आधी मला तीन घरं करायची आहेत. तो त्यांच्या शेजारी बसला. तीन घरांपुढे तो गाडीत बसून राहिला. इंजिन चालूच ठेवायला त्यानं सांगितलं होतं, तापू दे म्हणून. मग चढ लागला. लांब, वळणाचा, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला घरांची छपरं. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि तो रस्त्याकडे न पाहता पायांखालच्या पत्र्याचं ऐकत होता.

"गेली," नर्सबाई म्हणाल्या.

त्यानं गुडघे आवळले. "काय गेली?"

"तिसऱ्यात गेली की. कळलं नाही?"

त्याला कळलं नव्हतं. काहीच झालं नव्हतं. झटका नाही, आवाज नाही. त्यानं त्यांना वर जाऊन वळायला सांगितलं, खाली यायला सांगितलं आणि पुन्हा एकदा चढायला सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यानं डोळे मिटले. तरीही काही कळलं नाही. ज्या बोल्टना त्यानं अर्धवट सोडलं होतं ते तिथे खाली, तापलेल्या तेलात, आपलं आपण धरून बसले होते.

"आता तरी विश्वास बसला?" नर्सबाईंनी विचारलं. त्यांना उशीर होत होता.

"बसवून घेतो," तो म्हणाला.

गॅरेजच्या फाटकापाशी धाकटी आणि लंबू दोघंही उभी होती आणि दोघंही आपण सहज उभे आहोत असं दाखवत होती. नर्सबाईंनी खिडकीतून हात हलवला. "चढली बाई एकदाची," त्या म्हणाल्या. "दोनदा चढली. यांनी चढवायला लावली."

सव्वा उतरला. त्यानं गाडीचं दार इतक्या अलगद लोटलं की ते लागलंच नाही. नर्सबाई निघाल्या आणि पुढे जाऊन थांबल्या. "अहो, दार उघडं राहिलंय."

तो धावत गेला आणि दाराला हात लावून उभा राहिला. किती जोरानं लावावं हे त्याला ठरवता येईना.

"दाराला चालतं, भाऊजी," धाकटी मागून म्हणाली. "दाराला द्या."

त्यानं दिलं. गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत हादरली, मागची खोकी पडल्याचा आवाज आला, आणि नर्सबाई आरशात त्याच्याकडे डोळे वटारून पाहत निघून गेल्या. लंबू हसत सुटला. सव्वाही थोडा हसला आणि मग, आज अजून कुणी काही सांगितलेलं नसल्यामुळे, शेडच्या टोकाला धुण्याच्या टाकीपाशी गेला. बाह्या वर केल्या. ब्रश उचलला.

"तिकडे कुठे निघालात?" धाकटी म्हणाली. ती काचेचं दार उघडं धरून उभी होती. तिच्या आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता, त्यामुळे ती आपल्याशीच बोलतेय हे त्याला आधी कळलंच नाही.